प्रीबायोटिक पावडर म्हणजे साखरच ना? श्रावणापासून खंडूचं पोट बिघडलंय, द्यावी का?

खंडूची_आई (ऐरोली)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. आमचा खंडू, देशी, साडेचार वर्षांचा, १४ किलो. दिवा कोळीवाड्याच्या बाजूला गटाराच्या पाईपात सापडला होता दोन महिन्यांचा असताना, तेव्हापासून आमच्याकडे. आजवर पोटाची तक्रार म्हणून नाही, चिकन-भात खायचा आणि फॅनखाली ताणून द्यायचा. श्रावणात आमच्या घरी नॉनव्हेज बंद असतं, दरवर्षी मी त्याच्यापुरतं चिकन गॅलरीत इंडक्शनवर शिजवायचे, पण यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या दिवसभर घरातच आणि त्यांना तो वास अजिबात सहन होत नाही, मग म्हटलं महिनाभर त्यालाही शाकाहारी ठेवू. प्रोटीन कमी पडायला नको म्हणून दाणा बाजारातून सोया चंक्स आणले. सकाळी सोया चंक्स (सुके ५० ग्रॅम) उकडून, संध्याकाळी उकडलेले काळे चणे आणि भात, आणि वर दूध, दोन्ही वेळचं मिळून पाव लिटर.

चौथ्या दिवसापासून सुरू झालं. पोटात इतकी गुडगुड की टीव्ही बंद केला की हॉलभर ऐकू येते. पोट टम्म. रात्री अडीच-तीनला दाराशी जाऊन नखांनी दार खरवडतो, मग लिफ्टने खाली, भर पावसात छत्री धरून उभं राहायचं, आणि शी म्हणजे पातळ, पिवळट, फेस आलेली, वास आंबूस. बिचारा इतका शहाणा आहे की घरात कधीच करत नाही, लिफ्ट येईपर्यंत थरथरत उभा राहतो ते बघवत नाही मला. रक्त नाही, उलटी नाही, खाणं व्यवस्थित, शेपटी हलते.

व्हेटकडे जाऊन आले. शी तपासली, जंत वगैरे काही नाही, ताप नाही. डॉक्टरांनी पावडरच्या पुड्या दिल्या, प्रीबायोटिक आहे रोज एक द्या म्हणाले. बाहेर रांग होती त्यामुळे जास्त विचारता आलं नाही. घरी येऊन मागचं लेबल वाचलं तर फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड १ ग्रॅम आणि मॅनन-ऑलिगोसॅकराइड थोडं. लेक अकरावी सायन्सला आहे, ती म्हणाली आई सॅकराइड म्हणजे साखर, आणि तिने शोधून सांगितलं की ही कुत्र्याला न पचणारी साखर आहे. आता मला कळेना की ज्याचं पोट आधीच बिघडलंय त्याला न पचणारी साखर कशाला द्यायची? दोन दिवस पुड्या तशाच ओट्यावर पडून आहेत. कुणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा.

पामबीच_पहाट (नेरूळ)

ताई आधी दूध बंद करा, आजपासूनच. आमच्या लॅब्राडोरचं सेम झालं होतं, दूध बंद केल्यावर दोन दिवसांत शी बांधून आली. बाकी जाणकार सांगतीलच.

खुराडेवाला (कामोठे)

ताई, मी व्हेट नाही, पण १७ वर्षं कोंबड्यांच्या खाद्याचे फॉर्म्युले बसवतोय आणि हा विषय आमच्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

तुमच्या लेकीचं बरोबर आहे, ती साखरच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, न पचणारी साखर खंडूच्या पोटात आत्ता रोज जातेच आहे आणि ती पुडीतल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. हिशोब मांडू. दुधात लॅक्टोज असतं, गायीचं घ्या नाहीतर म्हशीचं, साधारण ५ टक्के. पाव लिटर म्हणजे जवळपास १२ ग्रॅम. पिल्लू आईच्या अंगावर पितं तोवर त्याच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते लॅक्टोजचे दोन तुकडे करतं. दूध सुटलं की हे एन्झाइम कमी होत जातं, काही कुत्र्यांत फारच कमी. मग लॅक्टोज अख्खंच्या अख्खं पुढे मोठ्या आतड्याकडे सरकतं.

दुसरं सोयाबीन. त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, दोन्ही मिळून वजनाच्या साधारण ५ टक्के. आपल्या चहातली साखर असते ना, तिलाच गॅलॅक्टोजची एक कडी जोडली की रॅफिनोज, दोन जोडल्या की स्टॅकिओज. ती कडी तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागतं आणि ते कुत्र्याच्या लहान आतड्यात नाही, कोंबडीच्या नाही, तुमच्या-माझ्याही नाही. म्हणून तर वाल-पावटा जास्त झाला की माणसालाही पोट धरून बसावं लागतं. ५० ग्रॅम चंक्स म्हणजे अडीच-तीन ग्रॅम आणि काळ्या चण्यातल्या त्याच जातीच्या साखरा वेगळ्या. सगळं मिळून रोज पंधरा ग्रॅमच्या वर न पचलेली साखर १४ किलोच्या जिवाच्या मोठ्या आतड्यात चाललीय, तीही चिकन-भातावर वाढलेल्या पोटात, एका दिवसात सुरू केलेली.

आता तिथे काय होतं ते बघा. एक तर साखर पाणी ओढते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं तसंच समजा, आतड्याच्या भिंतीतून पाणी आत येतं आणि शी पातळ होते. दुसरं म्हणजे तिथले जिवाणू या साखरेवर तुटून पडतात, ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड असे गॅस सुटतात (तुमची गुडगुड आणि टम्म पोट ते हेच) आणि आम्लं तयार होतात. आंबूस वास, फेस हे सगळं आंबण्याचंच लक्षण आहे.

पण ही आंबवण्याची क्रिया वाईट नाही, प्रमाणात झाली तर तीच औषध आहे, आणि हे मला अगदी मनापासून सांगायचंय कारण लोक इथेच गोंधळतात. जिवाणू जी आम्लं बनवतात ती म्हणजे अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट. मोठ्या आतड्याच्या आतल्या पेशींचं मुख्य अन्नच ब्युटिरेट आहे. ही आम्लं शोषली जाताना सोबत सोडियम आणि पाणीही आतड्यातून परत अंगात घेतलं जातं, म्हणजे शी घट्ट व्हायला मदतच होते. शिवाय तिथलं वातावरण जरा आंबट राहिलं की रोग करणारे बरेच जिवाणू तिथे टिकाव धरू शकत नाहीत. म्हणजे एक ग्रॅम साखर जिवाणूंना आरामात खाता आली तर शी बांधते, आणि पंधरा ग्रॅम एकदम ओतली तर त्यांचा आवाका संपतो, उरलेली साखर पाणी ओढत बसते आणि शी पातळ होते. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली पुडी पहिल्या प्रकारातली आहे.

फ्रुक्टो-ऑलिगो म्हणजे फ्रुक्टोजच्या छोट्या माळा. त्या माळेची गाठ प्राण्याच्या एन्झाइमला सुटत नाही पण बायफिडो आणि लॅक्टोबॅसिलस जातीच्या जिवाणूंना सुटते, म्हणून जेवण त्यांना मिळतं. १९९५ साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी अशा पदार्थांसाठी प्रीबायोटिक हा शब्द काढला. मॅनन-ऑलिगोचं काम थोडं निराळं. ते यीस्टच्या पेशींच्या बाहेरच्या भिंतीतून काढतात. ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते आतड्याच्या भिंतीवरच्या मॅनोज साखरेला चिकटतात. खाद्यात मॅनन असलं की ते भिंतीऐवजी त्यालाच चिकटतात आणि शीबरोबर बाहेर जातात.

आमच्या धंद्यात तर या साखरांनी मोठा बदल केलाय. पूर्वी वाढीसाठी खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक सर्रास घालायचे. युरोपने ते १ जानेवारी २००६ पासून बंद केलं, आपल्याकडे कोलिस्टिनवर २०१९ मध्ये बंदी आली, आणि मला विचाराल तर ती यायलाच हवी होती, माणसांच्या शेवटच्या फळीतलं औषध ते, कोंबड्यांना पोत्याने घालायचं कसं काय. तेव्हापासून मॅनन-फ्रुक्टो, आम्लं, एन्झाइम यांच्यावर आमची भिस्त वाढली. आणि साखर चुकली की काय होतं तेही आम्ही शेडमध्ये पायाने बघतो. मका महागला की कुणीतरी गहू वाढवतं. गव्हातल्या अरॅबिनोझायलान नावाच्या लांबलचक साखरेने आतड्यातला माल खळीसारखा चिकट होतो, कोंबडीची विष्ठा ओली, खालचा भुसा ओला, बुटाला लगदा चिकटतो, शेडमध्ये शिरल्या शिरल्या अमोनियाने डोळे चुरचुरतात. मग झायलनेज एन्झाइम घालून ती साखळी तोडावी लागते. घातलं की आठवड्याभरात भुसा पुन्हा कोरडा.

तुम्ही काय करा: दूध पूर्ण बंद. चंक्स आणि चणे आठवडाभर बंद. मऊ भात, भिजवून पाणी काढून टाकलेली पिवळी मूगडाळ अगदी गाळ शिजवून, थोडं घरचं पनीर (लॅक्टोज बरंचसं निवळीबरोबर निघून जातं), दोन चमचे उकडलेला लाल भोपळा. शी सुधारली की पुडी अर्धी सुरू करा, चार दिवसांनी पूर्ण. आणि हा बदल आधी डॉक्टरांना फोन करून सांगा, दूध-सोयाचं त्यांना बोलला होतात का? बहुतेक नसाल.

खंडूची_आई (ऐरोली)

दादा, डोळे उघडले. नाही हो, त्यांनी विचारलं काय खातो, मी म्हटलं घरचं जेवण. दुधाचा विषयच निघाला नाही.

अजून एक, लेकीने वाचलं की हे फ्रुक्टो-ऑलिगो कांद्या-लसणात नैसर्गिक असतं. शेजारच्या काकू पण म्हणतात पुड्या कशाला, वरणात कांदा परतून घाल. मग तेच केलं तर?

खुराडेवाला (कामोठे)

नाही!! कांदा-लसूण कुत्रा-मांजर दोघांनाही विष आहे, कच्चा, शिजवलेला, पावडर सगळंच. कांद्यात ती साखर असते हे खरं, पण सोबत जी गंधकाची संयुगं असतात ती कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, अॅनिमिया होतो आणि तो लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते तेव्हा कळतं. काकूंना नम्रपणे सांगा. फोडणीचं वरणही नको, कुकरमधून काढलेलं साधं.

नौपाड्याची_मनी (ठाणे)

कांद्याचं दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर, त्यात एक भर घालते, झायलिटॉल. शुगर-फ्री च्युइंगगम, काही पीनट बटर, काही टूथपेस्टमध्ये असतं. नाव साखरेच्या भावंडासारखं, पण ही गोष्ट पूर्ण वेगळी, कुत्र्याच्या अंगात ती झपाट्याने शोषली जाते आणि एकदम इन्सुलिन सुटून रक्तातली साखर खाली कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅमच्या वर गेलं की धोका, म्हणजे खंडूला दीड ग्रॅमसुद्धा खूप, काही गमच्या दोन-तीन गोळ्यांत तेवढं होतं. किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हर जाऊ शकतं. लेकीची कॉलेजची बॅग वरच्या हुकला लटकवायची सवय लावा.

आता माझा अनुभव. माझी मनी बारा वर्षांची, तिचा त्रास उलटा, सात-सात दिवस शी नाही. मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायची, कुंथायची, ओरडायची आणि तशीच बाहेर यायची, शेवटी पोटाला हात लावला तर आत खडे असल्यासारखं लागायचं. व्हेटने लॅक्ट्युलोज दिलं. तेही साखरच, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडून बनवलेली, ती तोडणारं एन्झाइम कुठल्याच प्राण्याकडे नाही. म्हणजे खंडूच्या बाबतीत जे नको ते इथे मुद्दाम घडवायचं, साखर पाणी ओढते आणि कडक शी मऊ होते. सुरुवातीला मी घाईने थोडं जास्त दिलं तर दुसऱ्या दिवशी पाण्यासारखी शी, मग डॉक्टरांनी अर्ध्या मिलीने कमी-जास्त करायला शिकवलं. सिरिंजने तोंडाच्या कडेने द्यायचं, पण पाकासारखं चिकट, ती मान झटकते आणि हनुवटीखालच्या पांढऱ्या केसांचे चिकट काटे होतात, रोज कोमट पाण्याच्या फडक्याने पुसते मी. पण तीन महिने झाले, दर दुसऱ्या दिवशी व्यवस्थित शी होते.

याच औषधाचा दुसरा उपयोग डॉक्टरांनी सांगितला तो ऐकून मी थक्क झाले. लिव्हर बिघडलेल्या कुत्र्या-मांजरांत अमोनिया रक्तात साठतो, मेंदूवर चढतो, प्राणी गोल गोल फिरतो, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो. लॅक्ट्युलोज आंबून आतड्यात आम्ल झालं की अमोनियाचं रूप असं बदलतं की तो परत रक्तात शिरू शकत नाही, शीवाटे निघून जातो. एक न पचणारी साखर मेंदूचं रक्षण करते, केवढी मोठी गोष्ट आहे ही.

आणि मांजरवाल्यांनो, बशीत दूध ठेवणं बंद करा हो. सोसायटीच्या जिन्याखाली प्रेमाने दूध ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पिल्लं मागून ओली असतात. मोठ्या मांजराला दूध आवडतं म्हणजे पचतं असं नाही. पाणी ठेवा.

कळव्याचा_गोठा

आमचा जनावरांचा धंदा, तीन पिढ्या. वरचं सगळं वाचलं, चांगली माहिती. पण गायी-म्हशीचं उलटं आहे ते सांगतो, कारण पुढे पितृपंधरवडा येतोय आणि दरवर्षी माझ्या डोळ्यांदेखत जनावरं मरायला टेकतात.

गवत, कडबा म्हणजे सेल्युलोज. ते ग्लुकोजच्याच कड्यांचं बनलेलं असतं पण जनावराला स्वतःला ते तोडता येत नाही. कोटीपोटातले (गाईच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटातले) जिवाणू ते सावकाश आंबवतात, त्यातून जी आम्लं होतात त्यावर गाय जगते, दूध देते. म्हणजे गाय मुळात न पचणाऱ्या साखरेवरच उभी आहे. तिला मारते ती झटपट पचणारी साखर. लोक श्रद्धेने खीर, भात, वडे, पोळ्या, गूळ घेऊन येतात, एकाच सकाळी वीस घरांचं पान एका गाईपुढे. तो भात कोटीपोटात तासाभरात आंबायला लागतो, लॅक्टिक आम्ल भराभर तयार होतं, पोटातला आंबटपणा इतका वाढतो की रोजचे गवत पचवणारे जिवाणूच मरतात. मग रवंथ बंद, पोट डावीकडून फुगलेलं, शेण पातळ आणि आंबट, गाय खाली बसली की उठत नाही. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीतली एक म्हैस अशीच बसली, डॉक्टर येऊन रात्रभर सलाईन आणि सोडा चालू होता, मी तिच्या मानेखाली गोणपाट धरून बसलो होतो, पहाटे पाचला तिने एकदा रवंथ केला तेव्हा जीव भांड्यात पडला. श्रद्धा असू दे, घास दोन घालाच, पण बाकी पैशाची हिरव्या चाऱ्याची पेंढी घ्या.

ससोबा_खारघर

सशांचंही लिहून ठेवतो. त्यांचं आंबवण्याचं काम पोटात नाही, मागे सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) होतं. त्यांना गवत हवं, वाळलेलं, दिवसभर. गाजर-केळं-बिस्किट जास्त झालं की तिथले जिवाणू बिघडतात, पोट फुगतं आणि ससा खाणं सोडतो, आणि सशाने १०-१२ तास खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि तो रात्री स्वतःच्या मऊ गोळ्या खातो ते घाण समजून थांबवू नका, सीकममध्ये तयार झालेलं पोषण तो तसंच परत घेतो.

खंडूची_आई (ऐरोली)

अपडेट द्यायला आले, आज अठरावा दिवस.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, दूध, सोया, चणे सगळं सांगितलं. ते म्हणाले हे आधी सांगितलं असतंत तर मी पहिल्यांदा दूधच थांबवलं असतं, आणि खुराडेवाला दादांनी सांगितलेला क्रम बरोबर आहे म्हणाले. दूध बंद केल्यावर तिसऱ्या रात्री खंडू पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपला, मीच तीनला सवयीने जागी झाले आणि त्याच्या पोटाला कान लावून बसले, काही आवाज नाही. पाचव्या दिवशी शी बांधलेली. मग अर्धी पुडी, दोन दिवस थोडा गॅस वाढला, मी घाबरले पण डॉक्टर म्हणाले जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो, थांबा. आता पूर्ण पुडी चालू आहे आणि शी इतकी छान की कागदाने उचलली तर खाली डाग राहत नाही. सासूबाईंनीही ऐकून घेतलं सगळं, आता त्या स्वतः रोज सकाळी त्याच्यासाठी मूगडाळ भिजत घालतात.

दादा, एक विचारायचंय, गणपती झाले की चिकन परत सुरू करणार, ते एकदम केलं तर चालेल ना? आणि चणे पुन्हा कधी द्यायचे झाले तर कसे द्यायचे?

खुराडेवाला (कामोठे)

छान वाटलं ताई वाचून. चिकन एकदम नको. पहिले दोन दिवस पाव भाग चिकन बाकी डाळ-भात, पुढचे दोन दिवस अर्धं, मग पाऊण, आठवड्याभरात पूर्ण. आतल्या जिवाणूंची वस्ती आता डाळ-भातावर जमलीय, तिला बदलायला तेवढे दिवस द्या. पहिले दिवस हाडं नको, कातडी नको, नुसतं उकडलेलं.

चणे द्यायचेच तर रात्रभर भिजवा, पाणी फेका, मोड येऊ द्या (मोड येताना बी स्वतःच त्या साखरा वापरून टाकतं), मग कुकरला मऊ करून ठेचून, जेवणात एक चमचा, त्याहून जास्त नाही. चंक्सचंही तसंच, गरम पाण्यात भिजवून तीन वेळा घट्ट पिळून पाणी टाकायचं, आणि ५० ग्रॅम कधीच नाही. पुडी पंधरा दिवसांचीच होती ना? संपली की डॉक्टरांना विचारा पुढे ठेवायची का, पोट ठीक असेल तर बहुतेक लागणार नाही, भोपळ्याचे दोन चमचे चालू ठेवा.